माउसचं चाक फिरतं, पान मात्र हलत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

बाण फिरतोय, डावं-उजवं क्लिक होतंय, फक्त मधलं चाक मेलंय. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता फोनवर पहिलं वाक्य संपायच्या आत मी विचारतो, "चाक कधी पुसलं होतं?" उत्तर बहुतेक वेळा "चाक पुसायचं असतं?" असंच येतं.

आधी स्वतःची फजिती सांगतो. पहिल्यांदा माझ्याच माउसचं चाक बिघडलं तेव्हा मी ड्रायव्हर (विंडोजला माउसची भाषा समजावणारा छोटा प्रोग्राम) काढला, परत टाकला, जुनी आवृत्ती शोधून तीही टाकली आणि शेवटी अख्खं विंडोज नव्याने टाकलं. चाक तसंच. वैतागून माउस उघडला, तर चाकाच्या आसाभोवती एक लांब केस आणि त्याला चिकटलेली तुसं. चिमट्याने ओढून काढायला दोन मिनिटं लागली. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: दोष माउसात आहे की कॉम्प्युटरात, हे ठरल्याशिवाय कशालाच हात लावायचा नाही.

आधी लक्षण नीट बघा

"चाक चालत नाही" असं सगळेच म्हणतात, पण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. तुमचं यातलं कोणतं ते बघा.

- कुठल्याच प्रोग्राममध्ये चाकाचा काहीही परिणाम नाही.
- खाली जाताना पान मध्येच वर उडी मारतं आणि परत खाली येतं. ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार.
- दर पाच-सहा खटक्यांमागे एखादा खटका वाया जातो.
- एका दिशेला बरं चालतं, दुसऱ्या दिशेला अडखळतं.
- ब्राउझरमध्ये चालतं, पण एखाद्या ठरावीक प्रोग्राममध्ये नाही.
- पान सरकायच्या ऐवजी अक्षरं लहान-मोठी होतात, किंवा पान आडवं सरकतं.
- चाकाला हात न लावता पान आपोआप सरकतच राहतं.
- फिरवणं ठीक, पण चाक दाबल्यावर मधलं क्लिक लागत नाही.

शेवटचं लक्षण मुद्दाम वेगळं ठेवलंय. चाक फिरवणं आणि चाक दाबणं ही दोन कामं दिसायला एकाच चाकाची असली तरी आत त्यांचे सुटे भाग वेगळे असतात. फिरणं मोजतो तो एन्कोडर, आणि दाबणं ओळखतं ते आसाच्या दुसऱ्या टोकाखाली बसवलेलं छोटं बटण. त्यामुळे एक मेलं तरी दुसरं ठणठणीत असू शकतं. दोन्ही एकदम गेली असतील तर एन्कोडरवर संशय घेण्याआधी ड्रायव्हर, केबल किंवा आसाची बैठक बघा.

एन्कोडरचं काम कसं चालतं हे एकदा कळलं की उड्या का पडतात हेही कळतं. त्याच्यातून दोन संकेत निघतात. दोघेही चालू-बंद होत राहतात, पण एकदम नाही: त्यांच्यात चालू-बंदच्या पाव फेऱ्याचं अंतर असतं. कोण आधी चालू झाला यावरून माउसमधली चिप दिशा ठरवते: पहिला पुढे असेल तर चाक खाली चाललंय, दुसरा पुढे असेल तर वर. आता एका संकेताच्या वाटेत धूळ आली किंवा संपर्क झिजला की तो नको तिथे थरथरतो. चिपला वाटतं क्रम उलटला, आणि ती एक पायरी वर पाठवून देते. बोट खाली चाललंय, पान वर. यात विंडोजचा काडीचा संबंध नाही. म्हणून लक्षण क्रमांक दोन असेल तर खालच्या ड्रायव्हरच्या भागावर वेळ घालवू नका; पुढे सांगितल्याप्रमाणे दुसरा माउस लावून खात्री करा आणि सरळ साफसफाईकडे जा.

तीस ओळींची चाचणी

"जरा अडखळतंय" यावरून काही ठरवता येत नाही. मी मोजून बघतो. एक रिकामं स्प्रेडशीट उघडा. तिथे ओळींना आधीच नंबर असतात. सगळ्यात वर १ नंबरची ओळ दिसू द्या. आता चाक सावकाश, एकेक खटका मोजत, बरोबर दहा खटके खाली फिरवा. विंडोजची मूळ सेटिंग एका खटक्याला ३ ओळी अशी असते, म्हणजे दहा खटक्यांना ३०, आणि वर ३१ नंबरची ओळ आली पाहिजे. नंतर दहा खटके वर. परत १ वर पोचलात का?

३१ च्या जागी २५ आली तर दोन खटके गिळले गेले. मोजताना नंबर मध्येच मागे गेले तर एन्कोडर थरथरतोय. दहाही खटके नेमके लागले आणि तरी नेहमीच्या प्रोग्राममध्ये त्रास असेल, तर माउस निर्दोष आहे, त्या प्रोग्रामचं बघावं लागेल. आकडा कागदावर लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर हीच चाचणी परत करायची आहे. काही माउसना चाक खटक्यांशिवाय मोकळं फिरवायचं बटण असतं, चाकाच्या मागेच. चाचणीच्या आधी ते खटक्यांवर आणा. मोकळ्या अवस्थेत चाक दोन खटक्यांच्या अधेमधे थांबतं आणि बोट उचललं की पान किंचित मागे सरकतं. तो बिघाड नाही.

फुकटातल्या तपासण्या

अक्षरं लहान-मोठी होत असतील तर कंट्रोल की अडकलेली आहे. कीबोर्डवरच्या दोन्ही कंट्रोल एकेकदा दाबून सोडा. आडवं सरकत असेल तर तेच शिफ्टचं. बहुतेक ब्राउझरमध्ये शिफ्ट धरून चाक फिरवलं की पान आडवं जातं. कीखाली कचरा अडकतो तसं स्टिकी कीजमुळेही होतं: शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज ती सोय चालू करू का विचारतं, आणि घाईत "हो" दाबलं जातं. त्यानंतर कंट्रोल दोनदा दाबली गेली की ती दाबलेलीच राहते. कंट्रोल आणि शून्य एकत्र दाबलं की ब्राउझरमधली अक्षरं मूळ आकारावर येतात. कीबोर्डच काढून बघितला की सोक्षमोक्ष लागतो.

पान आपोआप सरकत असेल तर पानावर एक छोटं गोल चिन्ह दिसतंय का बघा, वर-खाली बाण असलेलं. दिसत असेल तर चाक चुकून दाबलं गेलंय आणि ऑटोस्क्रोल सुरू झालंय. कुठेही एक क्लिक करा, बंद होईल. वारंवार होत असेल तर चाकाखालचं बटण फारच हलकं झालंय असं समजा.

एकाच वेबसाइटवर चाक मेलं असेल तर त्या पानावर मागे एखादी चौकट उघडी असते, जाहिरातीची किंवा कुकीजची परवानगी मागणारी. ती बंद होईपर्यंत पान जागचं हलत नाही. आणि हो, पान खरोखर लांब आहे का तेही बघा. हसू नका, दोनदा झालंय.

यानंतर रीस्टार्ट. शट डाउन करून परत चालू करणं वेगळं, रीस्टार्ट वेगळं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं तेव्हा शट डाउन केल्यावरही सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तेच उचलले जातात. अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकलेला परत येतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने उभं राहतं. "मी बंद करून चालू केलं होतं" असं कुणी म्हटलं की मी रीस्टार्ट करायला लावतोच.

मग माउस यूएसबीतून काढा आणि दुसऱ्या पोर्टात लावा. डेस्कटॉपला पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे पोर्ट असतात. मागची थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांना आतून एक केबल जाते आणि ती सैल होऊ शकते. म्हणून मागच्या पोर्टात लावून बघा, मधे हब किंवा एक्स्टेन्शन नको.

वायरलेस असेल तर सेल बदला. पण एक लक्षात घ्या: सेल उतरले किंवा सिग्नल कमी पडला तर आधी बाण अडखळतो. बाण लोण्यासारखा फिरतोय आणि फक्त चाक मेलंय, असं असेल तर सेलचा दोष असण्याची शक्यता कमीच. बाणही अडखळत असेल तर रिसीव्हर कुठे आहे बघा. यूएसबी ३.० च्या पोर्टात वेगवान हार्ड डिस्क चालू असली की २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, आणि बहुतेक वायरलेस माउसचे रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतात. रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शनने टेबलावर, माउसजवळ आणला की फरक पडतो.

दुसरा माउस: इथे वाट फुटते

कुणाकडून तरी दहा मिनिटांसाठी एक चालू माउस मागून आणा. तो तुमच्या कॉम्प्युटरला लावा आणि तीस ओळींची चाचणी करा. मग तुमचा माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तीच चाचणी करा. दोन्ही करा, एकावर थांबू नका.

दुसरा माउस तुमच्याकडे नीट चालला आणि तुमचा माउस तिकडेही अडखळला, तर दोष माउसात. सेटिंग, ड्रायव्हर हे सगळं सोडा आणि खाली "चाक साफ करणे" इथे जा. दुसरा माउसही तुमच्याकडे चालत नाही, तर दोष कॉम्प्युटरात. माउस उघडू नका. तुमचा माउस तिकडे नीट आणि दुसरा माउस इकडे नीट, असंही होतं. मग बहुधा तुमच्या माउसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर गोंधळ घालतंय.

माझ्या त्या विंडोजच्या उपद्व्यापात मी हीच एक गोष्ट केली नव्हती.

दोष कॉम्प्युटरात असेल तर

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माउस. विंडोज १० मध्ये मधली पायरी नुसती डिव्हायसेस आहे. तिथे एका वेळी किती ओळी सरकायच्या तो आकडा असतो. १ झाला असेल तर चाक मेल्यासारखंच वाटतं. तीनवर आणा. "एका वेळी एक अख्खा स्क्रीन" असा पर्याय निवडला गेला असेल तर पान उड्या मारतंय असं वाटतं, तोही बदला. त्याच पानावर निष्क्रिय खिडकीवर बाण नेल्यावर ती सरकावी का, याचं बटण आहे. ते बंद असेल तर बाण ज्या खिडकीवर आहे ती न हलता, शेवटचं क्लिक जिथे केलं ती खिडकी हलते. दोन खिडक्या शेजारी ठेवून काम करणाऱ्यांना हा बिघाड वाटतो.

मॅकवर चाक उलटं चालतंय असं वाटलं तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या माउसमध्ये नॅचरल स्क्रोलिंग बंद करा. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एक्सईव्ही (xev) हा छोटा प्रोग्राम चालवून त्याच्या खिडकीवर चाक फिरवा: वर फिरवलं की बटण ४, खाली फिरवलं की बटण ५ आणि दाबलं की बटण २ अशी नोंद येते. नोंद येतेय पण पान हलत नाही, तर माउसपासून सिस्टिमपर्यंतची वाट मोकळी आहे आणि अडचण त्या प्रोग्रामची आहे. नोंदच येत नसेल तर मागे वळा, पोर्ट आणि दुसऱ्या माउसची तपासणी परत करा. विंडोजवाल्यांनाही याचा उपयोग आहे: पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स घेऊन, काहीही इन्स्टॉल न करता, त्यावर चाक तपासता येतं. विंडोज नव्याने टाकण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

एखाद्याच प्रोग्राममध्ये त्रास असेल तर त्याची स्वतःची सेटिंग बघा. ऑटोकॅडवाले नेहमी अडकतात ते मधल्या बटणावर. चाक दाबून धरलं की ड्रॉइंग सरकायला हवं, त्याऐवजी मेनू उघडतो. एमबटनपॅन (MBUTTONPAN) ही ऑटोकॅडची सेटिंग ० झालेली असते, ती १ करा. झूम उलटा होत असेल तर झूमव्हील (ZOOMWHEEL) ही सेटिंग बघा. यात माउसचा दोष शून्य.

माउसच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असेल तर ते काढून टाका आणि रीस्टार्ट करा. साध्या चाकासाठी त्याची गरज नसते. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. मग विंडोज की आणि एक्स, त्यानंतर एम दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा, माउसच्या यादीतलं एचआयडी-कंप्लायंट माउस काढून टाका. काढल्याक्षणी बाण गोठेल, घाबरू नका. माउसची केबल काढून परत लावली की विंडोज ड्रायव्हर आपणच बसवतं. यादीत एकाच नावाच्या दोन-तीन नोंदी दिसू शकतात. वायरलेस कीबोर्डच्या रिसीव्हरचीही त्यात एक असते. ऑनलाइन "ड्रायव्हर अपडेट करून देणारे" प्रोग्राम मात्र चुकूनही टाकू नका. चाक सुधारलेलं मी एकदाही पाहिलं नाही, नको ते सॉफ्टवेअर शिरलेलं मात्र पाहिलंय.

आता एक जुनं पण चमत्कारिक प्रकरण. गोल, हिरव्या पीएस/२ पोर्टाचा माउस अजूनही कुठे कुठे चालू आहे. बाण ठीक, दोन्ही बटणं ठीक, चाक मेलेलं, आणि रीस्टार्ट केलं की जिवंत. यामागचं कारण मला फार आवडतं. पीएस/२ माउसची मूळ भाषा चाक येण्याआधीची, त्यात दर वेळी तीनच बाइट जातात आणि चाकासाठी जागाच नसते. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा चाकवाला इंटेलिमाउस आला तेव्हा एक खुणेची थाप ठरली: ड्रायव्हर माउसला वेगाचे आकडे २००, १००, ८० असे लागोपाठ सांगतो. ही थाप ओळखणारा माउस मग चौथा बाइट पाठवू लागतो, आणि त्यात चाकाची हालचाल असते. केबलला धक्का लागून क्षणभर वीज तुटली की माउस जागा होतो तो तीन बाइटवर, आणि परत कुणी थाप दिली नाही तर चाक गप्प. एकाच माउसवर दोन कॉम्प्युटर चालवणाऱ्या जुन्या केव्हीएम पेट्यांमध्येही असंच व्हायचं, पेटी मधे बसून थाप गिळायची. उपाय सोपा: कॉम्प्युटर बंद असताना पेटी टाळून माउस थेट लावा, मग चालू करून एकदा रीस्टार्ट करा. पीएस/२ चा प्लग कॉम्प्युटर चालू असताना काढू-घालू नका. तो पोर्ट त्यासाठी बनलेलाच नाही.

चाक साफ करणे, माउस न उघडता

दोष माउसात ठरला असेल तर पहिलं हे. माउस कॉम्प्युटरपासून काढा, वायरलेस असेल तर सेल काढा. उलटा धरा म्हणजे सुटलेला कचरा खाली पडेल. चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीत दाबलेल्या हवेच्या स्प्रे-डब्याने छोटे छोटे झोत मारा आणि दोन झोतांच्या मधे चाक फिरवत राहा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. डबा तिरका धरला तर त्यातून थंड द्रव बाहेर येतो, म्हणून डबा सरळ आणि माउस तिरका.

मग चाक जरासं दाबून, खूप वेगाने, दोन्ही दिशांना मिनिटभर फिरवा. यांत्रिक एन्कोडरमधली संपर्काची पातं घासून थोडी स्वच्छ होतात. तीस ओळींची चाचणी परत करा. पुष्कळदा इथेच काम होतं. पण यानंतर चार दिवसांत उड्या परत सुरू झाल्या तर तोच संकेत समजा: कचरा आत आहे, उघडावं लागेल.

चाकाच्या फटीत तेल सोडू नका. शिवणयंत्राचं, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, काहीच नाही. दोन दिवस छान फिरतं, मग त्या तेलावर धूळ बसून चिखल होतो, आणि तो मला खरवडावा लागतो.

माउस उघडणे

आधी वॉरंटी बघा. ती बाकी असेल तर इथेच थांबा आणि माउस बदलून घ्या. स्क्रूवरचं स्टिकर फाटलं की बदलून मिळण्याची आशा सोडावी लागते.

वॉरंटी संपली असेल तर लहान चौफुली स्क्रूड्रायव्हर, चिमटा, इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, जितकं पाणी कमी तितकं बरं. मोबाइल जवळ ठेवा, प्रत्येक पायरीचा फोटो काढायला. स्क्रू दिसत नाहीत म्हणून लोक कवच ओरबाडतात. स्क्रू असतात ते खालच्या गुळगुळीत पायांच्या पट्ट्यांखाली, किंवा नावाच्या लेबलाखाली. लेबलावर अंगठा दाबत फिरवा, जिथे खळगा लागेल तिथे स्क्रू. पट्ट्या नखाने एका टोकाकडून हळू उचला आणि गोंदाची बाजू वर करून ठेवा.

स्क्रू निघाले तरी वरचं कवच एकदम ओढायचं नाही. काही माउसमध्ये वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ पट्टीसारखी केबल असते. मी एकदा ती तोडली आहे. कवच मागच्या बाजूने बोटभर उचला, आत डोकावून बघा, केबल दिसली तर तिचा सॉकेट आधी सोडवा.

आता चाक समोर दिसेल. एका बाजूला एन्कोडर, दुसऱ्या बाजूला आसाच्या टोकाखाली मधल्या क्लिकचं छोटं बटण. खाली एखादी बारीक स्प्रिंग असेल तर तिचा फोटो आधी घ्या. ती उडाली की सापडत नाही. चाक सरळ वर उचला. बहुतेक वेळा आसाभोवती केस आणि तुसं यांचं वेटोळं असतंच. चिमट्याने सोडवा, ओढून तोडू नका, नाहीतर अर्धं आत राहतं.

पुढचं काम एन्कोडर कोणता आहे यावर. चाकाला जाळीसारख्या खाचा असतील आणि दोन बाजूंना मसुराएवढे प्लास्टिकचे दोन ठोकळे समोरासमोर उभे असतील, तर तो प्रकाशावर चालणारा. एक ठोकळा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो, दुसरा खाचांमधून येणारा प्रकाश मोजतो. मधे एक तूस आडवी आली तरी मोजणी चुकते. दोन्हींची तोंडं इअरबडला थोडं अल्कोहोल लावून पुसा, खाचा कोरड्या ब्रशने साफ करा. असला चाकवाला माउस बहुतेक वेळा इथेच बरा होतो.

आसाचं टोक षटकोनी असेल आणि ते धातूच्या पट्टीने आवळलेल्या डबीतल्या षटकोनी भोकात जात असेल, तर तो यांत्रिक. डबीखाली तीन पाय बोर्डाला सोल्डर केलेले दिसतील. इथे इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा अल्कोहोल, फक्त एक-दोन थेंब, षटकोनी भोकाच्या कडेने सोडा. चाक परत घालून दोन्ही दिशांना चाळीस-पन्नास वेळा फिरवा, मग पुन्हा एक थेंब, पुन्हा फिरवणं. पुढे पंधरा-वीस मिनिटं उघडाच वाळू द्या. ओला असताना यूएसबीला लावू नका.

डबीचे धातूचे कान वाकवून ती उघडतासुद्धा येते. आत तांब्याच्या वाटा असलेली चकती आणि त्यावर घासणारी केसासारखी बारीक पातं असतात. पातं अगदी किंचित वर उचलली की संपर्क परत घट्ट होतो. मी हे करतो, पण तुम्ही पहिल्याच प्रयत्नात करा असं म्हणणार नाही. कान दोनदा वाकवले की तुटतात, आणि पात जास्त वाकली तर चाक पूर्ण मरतं. उड्या मारणारा माउस निदान उड्या तरी मारत होता.

मधलं क्लिक लागत नसेल तर चाक बाजूला ठेवून त्या छोट्या बटणावर दातकोरणीने दाबा. कट् असा आवाज आणि बारीक उसळी जाणवली पाहिजे. ती जाणवतेय तर बटण ठीक, आस त्याच्यापर्यंत पोचत नाही. चाक नीट बसलं नसेल किंवा आधाराचं प्लास्टिक झिजलं असेल. बटण पिचलेलं वाटलं तर ते बदलावंच लागतं.

जोडताना क्रम उलटा: स्प्रिंग, चाक, केबलचा सॉकेट, कवच. पण स्क्रू आवळायच्या आधी माउस लावून तीस ओळींची चाचणी करा. सगळं आवळून, पट्ट्या चिकटवून मग "अरे, स्प्रिंग राहिली" असं मी स्वतःलाच म्हणालेलो आहे.

इथे थांबा आणि जाणकाराला द्या

साफ करूनही उड्या कायम असतील तर एन्कोडरची संपर्कवाट झिजलेली आहे आणि तो बदलणं हाच उपाय. त्यासाठी सोल्डरिंग आलं. आधी सोल्डरिंग केलं नसेल तर माउसच्या बोर्डावर शिकू नका. जास्त तापवलं की बोर्डावरची तांब्याची वाट उखडते आणि मग कुणालाच काही करता येत नाही. दुरुस्ती करणाऱ्याकडे नेताना जुन्या एन्कोडरची उंची मिलिमीटरमध्ये मोजून सांगा. ते ७, ९, ११ अशा वेगवेगळ्या उंचीचे येतात, आणि चुकीच्या उंचीचा बसवला तर चाक कवचाला घासतं किंवा दबलेलं राहतं. साधा माउस असेल तर नवा घेणं बरं. तुमच्या हाताला बसलेला, जास्त बटणांचा माउस असेल तरच या खटाटोपात अर्थ आहे.

चार्ज होणारा माउस उघडल्यावर आतली बॅटरी फुगलेली दिसली तर काही टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. कवच न आवळता तसाच बाजूला ठेवा आणि बॅटरी हाताळणाऱ्या माणसाकडे द्या.

नुसता माउसच नाही तर कीबोर्ड, पेनड्राइव्ह असं सगळंच एकाच पोर्टावर किंवा सगळ्या पोर्टांवर अडखळत असेल, पोर्ट गरम लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर ते चाकाचं दुखणं नाही. कॉम्प्युटर बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि मदरबोर्ड बघणाऱ्याकडे न्या. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सेटिंग बदलायला परवानगीच मागत असेल तर तेही इथेच सोडा, तुमच्या आयटीवाल्यांना सांगा. सांगताना एवढं जरूर सांगा: दुसरा माउस लावून पाहिला का, आणि दहा खटक्यांना किती ओळी सरकल्या.

तोपर्यंत काम अडू देऊ नका. पेज अप, पेज डाउन आहेत. ब्राउझरमध्ये स्पेस दाबली की एक स्क्रीन खाली आणि शिफ्टसकट स्पेस दाबली की एक स्क्रीन वर. मधलं क्लिक जिवंत असेल तर पानाच्या मोकळ्या जागी चाक दाबा, बाण थोडा खाली न्या, पान सरकू लागेल.